बाहेरचे

'बाहेरचे' हा शब्द मराठीत दिसतो तितका साधा नाही. 'बाहेरचे खाणे' म्हणजे हॉटेलातले खाणे, हा त्याचा आजचा, रोजच्या वापरातला अर्थ. पण 'त्याला बाहेरचे काहीतरी झाले आहे' असे कुणी हलक्या आवाजात म्हणाले, की डॉक्टरऐवजी देवऋष्याचे नाव निघते. 'ती बाहेर बसली आहे' याचा अर्थ एका पिढीपूर्वीपर्यंत घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असे. त्या दिवसांत तिच्या हातचे पाणीही चालत नसे. 'बाहेरख्याली' कोणाला म्हणतात हे सांगायला नको. म्हणजे आपल्या भाषेत 'बाहेर' ही उंबऱ्यापलीकडची केवळ जागा नव्हे. तो एक निवाडा आहे. जे बाहेरचे ते आधीच थोडे संशयित. ते आत यायचे तर त्याला काही संस्कार करून घ्यावे लागतात.

करोनाच्या साथीत 'बाहेरचे खाणे मागवावे का?' हा प्रश्न घरोघर विचारला गेला तेव्हा तो वैद्यकाचा प्रश्न आहे असे आपण समजत होतो. तो तसा होताही. पण विचारला गेला तो याच शब्दात, आणि वैद्यकाने तोंड उघडण्याआधी शब्दाने स्वतःच त्याचे उत्तर देऊन टाकले होते, असे मला आता वाटते.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले बाधित रुग्ण पुण्यात आढळले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ तारखेपासून देश बंद झाला. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनी आपली सेवा थांबवली. १८९० पासून चालत आलेली ही परंपरा. तिच्यात घरचे अन्न घराबाहेर जाते आणि तरी 'घरचेच' राहते, ही तिची गंमत. पुण्यात गोष्ट उलटी. इथे हजारो मुले मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून शिकायला येतात, खोल्या घेऊन राहतात, आणि मेस किंवा पोळीभाजी केंद्र हेच त्यांचे घरचे अन्न असते. बाहेरचे खाणे सुरक्षित आहे का, या विषयावर त्या दिवसांत वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी पुष्कळ चर्चा केली, पण ती बहुतेक पिझ्झ्याविषयी होती. एका वर्गाला जो मागवण्याचा प्रश्न होता तो दुसऱ्या वर्गाला मिळण्याचा प्रश्न होता, आणि तिसऱ्याला पोचवण्याचा. या तिसऱ्याकडे मी पुढे येणार आहे.

माझी आई तेव्हा ७४ वर्षांची होती. मधुमेह जुना. आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहतो. घरात तिला जपायचे म्हणून जे जे करायचे ते आम्ही सगळे करत होतो. दुधाची पिशवी साबणाने धुवायची, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, किराणा गॅलरीत एका कोपऱ्यात दिवसभर पडू द्यायचा, बाहेरून आलेल्या माणसाने कशालाही न शिवता सरळ न्हाणीघर गाठायचे. वृत्तपत्र बंद झाले होते. त्या एप्रिलमध्ये तर राज्य सरकारनेच काही काळ वृत्तपत्रे घरोघरी टाकण्यावर बंदी घातली होती. हा सगळा व्यवहार चार दिवस पाहिल्यावर आई म्हणाली, "आमच्या आजीचं राज्य परत आलं गं!"

ती हे हसून म्हणाली, पण त्या हसण्यात थोडी धास्तीही होती. तिचे बालपण कडक सोवळ्याच्या घरात गेले आहे. सुती कापड लगेच ओवळे होते, रेशमाला आणि लोकरीला विटाळ कमी, म्हणून पुरुषांचा मुकटा आणि मुलांची धाबळी. मातीचे भांडे एकदा बाटले की टाकूनच द्यायचे. तांब्यापितळेचे राखचिंचेने घासले की चालते. पाण्यात शिजलेला भात खरकटा, पण तुपात तळलेली पुरी नाही. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की झाली दशमी, आणि दशमी प्रवासात चालते. खरे म्हणजे दशम्यांची पुरचुंडी हे आपले जुने पार्सलच. कोणता पदार्थ, कोणते द्रव्य, कोणता स्पर्श आणि त्यावर कोणता उतारा, याची ही बारीक वर्गवारी होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात 'द्रव्यशुद्धि' नावाचे एक प्रकरणच आहे.

आणि मार्च २०२० मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात नवी द्रव्यशुद्धी प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेत तपासले असता हा विषाणू तांब्यावर सुमारे चार तास, पुठ्ठ्यावर एक दिवस, तर प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर दोन-तीन दिवसांपर्यंत सापडतो, असे त्यात होते. आकडे आठवड्याभरात मराठी घरांत पोचले. मोबाइलवर त्यांची कोष्टके फिरू लागली. त्यांच्याबरोबर ओघाने दुसरेही काही फिरू लागले: पाहा, आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, सोवळे म्हणजे विज्ञानच, बाहेरून आल्यावर पाय धुणे, तांब्याच्या भांड्यातून पाणी पिणे, नमस्कार करणे. माझ्या ओळखीच्या चांगल्या वाचणाऱ्या लिहिणाऱ्या मंडळींनी हे संदेश पुढे पाठवलेले मी पाहिले.

साम्य खरोखरच विलक्षण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भेद कुठे आहे तोही तितकाच स्पष्ट आहे. साबणाने विषाणूचे वरचे स्निग्ध आवरण फुटते, मग तो साबण कोणाच्याही हाताला लागलेला असो. सोवळ्यात मात्र काही हात असे होते, की ते कितीही घासले तरी शुद्ध होत नसत. भांड्याला उतारा होता, माणसाला नव्हता. विज्ञानाच्या कोष्टकात तांबे, पुठ्ठा, प्लास्टिक असे रकाने होते. जुन्या कोष्टकात माणसांचेही रकाने होते, आणि बाकीचा सारा तपशील त्या रकान्यांभोवती रचलेला होता. हे विसरून सोवळ्याला विज्ञान म्हणणे ही केवळ अर्धवट माहिती नव्हे. त्यामुळे माणसांचा रकाना पुन्हा उघडतो.

आता वैद्यकाचे उत्तर. ते आज वादाचे राहिलेले नाही, आणि खरे तर बरेच लवकर मिळाले होते. ७ एप्रिल २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी मिळून अन्नव्यवसायांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. अन्नातून किंवा त्याच्या वेष्टनातून हा रोग होण्याची शक्यता फार कमी आहे, असे त्यात म्हटले होते. हा श्वसनाचा रोग होता. त्याचा मार्ग हवेतला, माणसाच्या तोंडानाकातून दुसऱ्या माणसाच्या तोंडानाकापर्यंतचा. त्याच वर्षी जुलैमध्ये इमॅन्युएल गोल्डमन या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात दाखवून दिले, की पृष्ठभागांवर विषाणू टिकण्याचे जे प्रयोग झाले त्यांत सुरुवातीलाच इतके विषाणू ओतलेले होते, की प्रत्यक्षात तेवढे कुणाच्या खोकल्यातून पुठ्ठ्यावर पडणे संभवत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने बाधित पृष्ठभागाला झालेल्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे सांगितले. अपवाद अगदीच नव्हता असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनमधल्या चिंगदाओ बंदरात गोठवलेल्या माशांच्या वेष्टनावर जिवंत विषाणू मिळाला. पण तो शीतगृहातला माल, आणि प्रश्न तो उतरवणाऱ्या हमालांचा होता. गरम वरणभाताच्या डब्याशी त्याचा संबंध नाही.

याहून बोलके एक उदाहरण मला नेहमी आठवते, ते ग्वांगझू शहरातल्या एका हॉटेलाचे. २४ जानेवारी २०२०, म्हणजे चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या मजल्यावर शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे दुपारचे जेवण घेत होती. मधल्या टेबलावर वुहानहून आलेली मंडळी होती. खोलीला खिडक्या नव्हत्या, आणि वातानुकूलन यंत्राचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता. या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना पुढे रोग झाला. त्या मजल्यावर त्याच वेळी आणखी ७३ गिऱ्हाइके जेवत होती. त्यांच्यापैकी कुणालाही झाला नाही, वाढप्यांनाही नाही. त्याच भटारखान्यातले अन्न, त्याच वाढप्यांच्या हातचे, त्या सर्वांनी खाल्ले होते. रोग ताटातून गेला नव्हता. तो झोतातून गेला.

तेव्हा हिशेब सरळ होता: हॉटेलात बसून जेवण्यात धोका होता, तेच जेवण बांधून घरी आणण्यात जवळजवळ नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीतही हेच दिसले, की बाधितांमध्ये आदल्या दोन आठवड्यांत हॉटेलात बसून जेवलेल्यांचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'ब्रेक द चेन' म्हणून जे निर्बंध घातले त्यांतही हेच तत्त्व होते: बसून खाणे बंद, पार्सल चालू.

आमच्या मनातला हिशेब मात्र उलटा होता. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातली हॉटेले निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा सहा महिने ज्यांनी एक पुडाही घरात येऊ दिला नव्हता, आलाच तर गॅलरीत उन्हात ठेवला होता, ती माणसे वातानुकूलित हॉटेलात कोंडाळे करून, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढून जेवताना मी पाहिली. याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही, कारण त्यांच्यापैकी निदान दोघे रसायनशास्त्र शिकवतात. मला वाटते, इथे 'बाहेर' या शब्दाचे व्याकरण काम करत होते. हॉटेलात आपण बाहेर जातो. तिथले अन्न तिथेच, आपल्या जागी असते. पार्सल मात्र आत येते. उंबरा ओलांडते ते आपण नव्हे, ते. आणि आपली सारी भीती उंबऱ्याशी बांधलेली आहे.

महाराष्ट्राला बाहेरचे खायला शिकावे लागले आहे, हे या संदर्भात लक्षात ठेवले पाहिजे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहाबिस्किटे दिली गेली आणि त्यावरून शहरात केवढे मोठे ग्रामण्य माजले, हे आपण एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करताना शिकवतो. उपस्थितांत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला आणि कोणी घेतला नाही याचा खल झाला, धर्मपीठापर्यंत प्रकरण गेले, आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या प्रसंगाची व्यथा वाचायला मिळते. एका पेल्याने माणूस बाटत असे. पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. तेही बाहेरचे खाणेच होते, आणि त्यात एका राजाने आपला अधिकार पणाला लावला होता. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कामगारांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते त्यांच्यासाठीच. एकमेकांच्या हातचे खाण्याची ही सवय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची. ती अजून हाडीमासी खिळलेली नाही, हे २०२० च्या एप्रिलमध्ये दिसले.

त्या महिन्यात दिल्लीच्या मालवीय नगर भागात पिझ्झा पोचवणारा एक तरुण बाधित आढळला आणि त्याने ज्यांच्या दारी पार्सल दिले होते अशा ७२ कुटुंबांना घरातच विलग राहायला सांगण्यात आले. वाहिन्यांवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्याच्या सहकाऱ्यांच्या चाचण्यांत पुढे बाधा निघाली नाही, ती बातमी मात्र कोपऱ्यात आली. त्या ७२ दारांतून त्याला काय मिळू शकले असते, हा उलटा प्रश्न मला कुठे दिसला नाही. त्याच महिन्यात आपल्याकडे काशीमीऱ्याला एका गृहस्थाने दारी आलेला किराणा नाकारला, कारण आणणारा मुसलमान होता. त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. विषाणूचे नाव पुढे करून माणसांचा रकाना उघडला तो असा. 'सोशल डिस्टन्सिंग'चे भाषांतर कुणी 'सामाजिक अंतर' असे केले, तेव्हा अनेकांनी त्याला हरकत घेतली आणि 'शारीरिक अंतर' किंवा 'सुरक्षित अंतर' म्हणावे असे सुचवले. ती हरकत शब्दांचा कीस काढणाऱ्यांची नव्हती. या मुलखात सामाजिक अंतर नव्याने पाळायला सांगावे लागत नाही.

माझ्या एम.ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी, नांदेड जिल्ह्यातला, त्या वर्षी एका कंपनीच्या ॲपवर पार्सले पोचवत असे. गावाकडे पैसे पाठवायचे होते आणि खोलीचे भाडे चुकले नव्हते. माझी व्याख्याने तो दुचाकी उभी करून, कानात इअरफोन घालून, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून ऐके. मध्येच त्याचा आवाज येई, "मॅडम, ऑर्डर आली," आणि तो जाई. दलित आत्मकथनांवर बोलत असताना एकदा मी पाणवठ्याच्या प्रश्नाविषयी सांगत होते: वरून ओतलेल्या पाण्याविषयी, ओंजळीविषयी, वेगळ्या टांगलेल्या कपाविषयी. व्याख्यान संपल्यावर त्याने थांबून सांगितले, "मॅडम, पाणी मागितलं तर लोक देतात, नाही असं नाही. पण बाटली देतात, आणि म्हणतात, ठेवा तुमच्याकडेच." तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. साथीत बाटली परत घेऊ नये हे तर शहाणपणाचेच, असेही तो म्हणाला. फक्त मी जे शिकवत होते त्याच्याशेजारी त्याने ते ठेवले, आणि पुढच्या ऑर्डरवर गेला.

पुड्यावर तेव्हा एक चिठ्ठी येत असे: स्वयंपाक्याचे तापमान इतके, आणणाऱ्याचे तापमान इतके. घेणाऱ्याचे तापमान लिहायला जागा नव्हती.

सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात रुग्ण शिगेला पोचले होते. त्या महिन्यात माझे पती आणि मी दोघेही आजारी पडलो. आई मागच्या खोलीत, आम्ही पुढच्या. ती कशी वाचली ते तिचे तिलाच माहीत, ती म्हणते आजीच्या पुण्याईने. दारावर पालिकेचे पत्रक लागले. जिन्यातून जाणारे लोक आमच्या मजल्यावर पाय उचलून चालत. आता बाहेरचे आम्ही होतो. स्वयंपाक करायचे त्राण नव्हते आणि केला असता तरी तो आईला द्यायची भीती. रस्त्यापलीकडे एक काकू पोळीभाजीचे डबे करतात. साठीच्या आहेत, एका दुकानगाळ्याच्या मागच्या बाजूला त्यांचा भटारखाना. टाळेबंदीत मुले गावी गेली आणि त्यांचे बहुतेक डबे बंद पडले. सोसायटीतल्या उरल्यासुरल्या घरांनीही 'बाहेरचे नको' म्हणून ते बंद केले होते. मी फोन केला आणि आमची अवस्था सांगून म्हटले, "काकू, बघा बाई, तुम्हाला चालणार असेल तर." त्या म्हणाल्या, "अगं, डबा तुझ्याकडे यायचाय, मी थोडीच येतेय?" आणि मग थोडे थांबून, "डबा परत मात्र नको हं पाठवू."

पुढचे १७ दिवस तिघांचे जेवण दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीतून आले. आणत असे तो त्यांच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंचा मुलगा. तो कापडाच्या दुकानात कामाला होता, ते दुकान टाळेबंदीत बंद झाले ते उघडलेच नाही. तो पिशवी अडकवी, घंटी वाजवी, आणि खाली उतरून चौकात उभा राहून वर पाही. मी खिडकीतून हात केला की जाई. त्या अन्नातून आम्हाला काही होईल ही शंका आमच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. जे व्हायचे ते होऊन गेले होते. मग प्रश्न आपोआप दुसऱ्या बाजूने दिसू लागला. बाहेरचे खाणे सुरक्षित आहे का? खाणाऱ्याला असेल. दाराशी येणाऱ्याला या मजल्याची हवा सुरक्षित होती का? तो दिवसाला किती दारांशी, किती जिन्यांत, किती लिफ्टच्या रांगांत उभा राहत होता? लिफ्ट त्याला बऱ्याच सोसायट्यांनी बंदच केली होती. स्पर्श टाळून पार्सल देण्याची जी पद्धत तेव्हा आली तिचे मी स्वागत करते, ती त्याच्याही हिताची होती. पण ती आली ती घेणाऱ्याच्या भीतीपोटी, आणि तिची जाहिरातही त्यालाच उद्देशून होती. अशा कामगारांची कायद्याने व्याख्या प्रथम झाली ती त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ती संहिता लागू व्हायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला.

मी बाहेरच्या खाण्याची वकिली करते आहे असे कुणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळेच विषाणू श्वासातून जात नाहीत. नोरोव्हायरस, आणि काविळीचे 'अ' व 'ई' हे प्रकार, यांचा मार्ग अन्नपाण्याचाच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीने जो हाहाकार केला तो दूषित पाण्याने. तेव्हा साथ कोणती, तिचा रस्ता कोणता, हे आधी विचारल्याशिवाय 'बाहेरचे खावे का' याला उत्तर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये हे आमच्याच दारात आले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, विशेषतः नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीच्या आसपासच्या वस्तीत, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतले बळ जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लागते. हा स्वतः संसर्गजन्य रोग नव्हे. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू मिळाला, काहींत नोरोव्हायरस, आणि बोट पाण्याकडे वळले. पण लोकांचे बोट त्याआधीच बाहेरच्या खाण्याकडे गेलेले होते. कच्चे राहिलेले चिकन खाऊ नये हा सल्ला योग्यच होता. त्याचे घरोघर झाले 'हॉटेलचे नको, पनीर नको, डबा नको'. काकूंचे डबे, पाच वर्षांत कसेबसे पूर्वीच्या संख्येला आलेले, एका आठवड्यात पुन्हा निम्म्यावर आले.

त्या आमच्याकडे आल्या त्या दिवशी मी कॉलेजातून नुकतीच परतले होते. आईशी त्यांचे जुने सख्य. चहा झाला. काकू चिडलेल्या होत्या, पण आवाज खालीच होता. "वहिनी, तुमच्या बिल्डिंगीतल्या सात जणांनी डबा बंद केला. करू देत. पण मला एक सांगा, ते घरी कणीक कुठल्या पाण्यात भिजवतात? मी तर तीन दिवस झाले, भांडी धुवायचंसुद्धा उकळून घेतेय."

आई काही बोलली नाही. तिने पेला खाली ठेवला, आत जाऊन लग्नकार्यातले मोठे पातेले काढले, नळाखाली भरले आणि गॅसवर चढवले. मग बाहेर येऊन म्हणाली, "आमचे तीन डबे चालू ठेवा. आणि भाजीत तिखट जरा कमी घाला हो, गेल्या वेळी फार होतं."